मोअज्जम जाही मार्केट : एका जीर्णोद्धाराची चिकित्सा

हैदराबादच्या वास्तूंविषयी लिहिणाऱ्यांची मान बहुधा वर केलेली असते. चारमिनारचे मिनार, कुतुबशाही घुमट, फलकनुमाची टेकडी, कोठीच्या रेसिडेन्सीचे उंच खांब यांवर दृष्टी खिळली की दुकानाच्या फळीपर्यंत ती खाली येतच नाही. त्यामुळे ज्या इमारतीत उभ्या आयुष्यात राजा राहिला नाही, वकील राहिला नाही, कोणी पुरले गेले नाही आणि केवळ खरेदी-विक्री झाली, तिच्या वाट्याला नगरवर्णनाच्या पुस्तकात दोन ओळी येतात. मोअज्जम जाही मार्केट ही अशी दोन ओळींची इमारत आहे. नामपल्ली, आबिड्स, कोठी आणि अफझलगंज यांकडून येणारे रस्ते जिथे एकमेकांना भेटतात, त्या चौकात ती १९३५ पासून उभी आहे. २०१८ ते २०२० या काळात तिचा जीर्णोद्धार झाला आणि त्याची चांगली वाखाणणीही झाली. ती वाखाणणी बव्हंशी रास्त आहे, हे प्रारंभीच नमूद करतो. तरीही कौतुक ओसरल्यानंतर, काय राखले गेले आणि काय राखता आले नाही, याचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा. तेवढ्यासाठी हे टिपण.

या इमारतीचे मूळ शोधू जाता आपण पोहोचतो ते १९०८ च्या महापुराशी. त्या वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीने निम्मे शहर धुऊन नेले. हजारो माणसे गेली, आणि पाठोपाठ प्लेगही आला. त्या आघातातून दोन गोष्टी निपजल्या. विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात येऊन पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले. आणि १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. जलाशयांची कथा शाळेच्या पुस्तकात असते, मंडळाची नसते. वस्तुतः आज आपण ज्याला जुने हैदराबाद म्हणून मिरवतो, त्यातील रस्त्यांची रुंदी, पत्थरगट्टीच्या दुतर्फा असलेल्या दगडी कमानी आणि खालची दुकाने, हे पुष्कळसे या मंडळाचे कर्तृत्व होय. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे द्वितीय पुत्र मोअज्जम जाह या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांचेच नाव मार्केटला मिळाले. लोकांनी मात्र त्या नावाची अक्षरे झिजवून ‘मोजमजाही’ केले, आणि नंतरच्या पिढीने तर ‘एम. जे.’ एवढ्यावरच भागवले. राजपुत्राच्या नावाची अशी सुटी मोड बाजारातच होऊ शकते.

चौकातील जागा त्रिकोणी. म्हणून इमारतही त्रिकोणी. दोन लांब बाहू दोन रस्त्यांच्या कडेने पसरलेले, ते जिथे मिळतात त्या टोकाशी घड्याळाचा मनोरा, आणि बाहूंच्या मध्ये मोकळे अंगण. सगळे काम घडीव ग्रॅनाइटचे. कमानी टोकदार, माथ्यावर घुमट्या. उस्मानिया काळातील इतर इमारतींशी सहज नाते सांगणाऱ्या. परंतु उस्मानिया रुग्णालयाच्या किंवा उच्च न्यायालयाच्या इमारतीसमोर उभे राहिल्यावर मनुष्य जसा लहान होतो, तसा तो येथे होत नाही. कमान उंच असली तरी तिच्याखालचे दुकान माणसाच्या मापाचे आहे. दुकानदार बसल्या जागेवरून गिऱ्हाइकाशी बोलू शकतो, आणि गिऱ्हाईक रस्त्याच्या उन्हातून दोन पावलांत सावलीत येते. आमच्या मते या वास्तूचे खरे वास्तुगुण हेच. मनोरा हा चौकासाठी आहे, सावली गिऱ्हाइकासाठी आहे. रचनाकाराने दोहोंचे भान ठेवले आणि त्यांपैकी एकाचीही दुसऱ्यावर कुरघोडी होऊ दिली नाही. दरबारी खर्चाने बांधलेल्या इमारतीत हा संयम दुर्मीळच म्हणावयाचा.

आमच्यासारख्या मराठी घरांना या मार्केटची ओळख वास्तू म्हणून नव्हतीच. १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले, त्यानंतर चार वर्षांनी हे मार्केट उभे राहिले. १९०७ मध्ये स्थापन झालेली विवेकवर्धिनी हाकेच्या अंतरावर. त्यामुळे जांबाग, गौलीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांतील मराठी मुलांचा शाळेचा रस्ता आणि फळांचा वास हे आमच्या पिढीच्या स्मरणात एकत्रच बांधले गेले आहेत. उन्हाळ्यात वडील आम्हांस घेऊन अंगणात शिरत. बेनिशान, हिमायत, दशहरी यांच्या राशी, वाळलेल्या गवताचा आणि पिकत्या आंब्याचा मिसळलेला दर्प, आणि भावाची घासाघीस. ती घासाघीस दखनीत चाले. घरी कडक शुद्ध मराठी बोलणारे वडील तेथे ‘इत्ता नक्को मियाँ’ असे म्हणत, तेव्हा आम्हांस त्यांचा आवाजही निराळा वाटे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही येथेच राहिलो. राहिलेल्यांना या शहराशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टींत पदव्या आणि नोकऱ्या होत्या, तशीच ही दखनीतील घासाघीसही होती असे आज वाटते. असो.

१९८० च्या दशकात घाऊक फळबाजार शहराच्या पूर्वेस गड्डीअण्णारम येथे हलविण्यात आला. त्यास कारणेही सबळ होती. मालमोटारींना या चौकात वळावयास जागा उरली नव्हती, आणि शहराची भूक चार-दोन अंगणांत मावेनाशी झाली होती. पुढे २०२१ मध्ये तो बाजार तेथूनही उठून आणखी दूर बाटासिंगारमला गेला. म्हणजे मोजमजाहीतून उठलेली फळे अजून पुरती स्थिरावलेली नाहीत. परंतु फळे उठताच इमारतीचे प्रयोजनच निघून गेले. मागे राहिली ती किरकोळ विक्रीची दुकाने : अत्तरे, तंबाखू, सुका मेवा आणि आइस्क्रीम. सीताफळाच्या मोसमात गर घालून केलेले आइस्क्रीम खाण्यासाठी अंगणात खुर्च्या टाकून बसलेली कुटुंबे, हेच मग या मार्केटचे चित्र झाले. फळाची रास गेली, त्याचा गोठवलेला गर उरला.

प्रयोजन हरवलेल्या इमारतीचे जे होते ते येथेही झाले. कमानींवर पत्र्याची छपरे चढली, तारांची जाळी लोंबू लागली, पाट्यांनी दगड झाकला, आणि जिथे सांधा सुटला तिथे सिमेंट थापले गेले. यांपैकी शेवटचे कृत्य दिसावयास सर्वांत निरुपद्रवी आणि परिणामी सर्वांत घातक. जुना चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेला ओलावा त्यातून बाहेर पडतो, आणि भिंत थोडी हलली तर चुनाही तिच्यासवे हलतो. सिमेंट ताठ आणि बंद. त्याच्याआड पाणी कोंडते, क्षार साचतात, आणि दगडाच्या सांध्यांचे भुस्कट होऊ लागते. ग्रॅनाइट काही इतक्यात हार खाणारा दगड नव्हे. पण भिंत केवळ दगडाची नसते, दगड धरून ठेवणाऱ्या चुन्याचीही असते. जुने गवंडी चुन्याच्या घाण्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालीत, त्यास आपण अडाणी रीत समजत होतो. गेल्या काही दशकांत वास्तुजतनाच्या शास्त्राने त्या रीतीपुढे पुन्हा हात जोडले आहेत.

आता जीर्णोद्धाराकडे येऊ. राज्याच्या नगरप्रशासन खात्याच्या तत्कालीन प्रधान सचिवांनी या वास्तूत व्यक्तिशः लक्ष घातले, महानगरपालिकेने काम हाती घेतले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये, महामारीच्या ऐन काळात, मार्केट पुन्हा खुले झाले. अतिक्रमणे हटली, पत्रे उतरले, दगड स्वच्छ झाला, घड्याळ चालू झाले. याहून मोलाची गोष्ट अशी की दुकानदार तेथेच राहिले. हे आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो, कारण वास्तूचे जतन म्हणजे प्रथम तीत वावरणाऱ्यांना बाहेर काढणे अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. येथे मालकी महापालिकेची, दुकानदार भाडेकरू. मनात आणले असते तर त्यांना हटवून उपाहारगृह किंवा कलादालन थाटणे अवघड नव्हते. तसे झाले नाही. जुन्या गिऱ्हाइकाला आपला अत्तरवाला आपल्या जागी सापडला. एवढ्या एका निर्णयासाठी या कामाचे इतर दोष पोटात घालावेत, असे क्षणभर वाटून जाते.

परंतु पोटात घालून टीका होत नाही. पहिला आक्षेप पाट्यांबाबत. दुकानांच्या नावांना एकसारखे वळण देण्यात आले. त्यामुळे कमानींची ओळ निर्वेध दिसते हे खरे, छायाचित्रही उत्तम येते. परंतु बाजारातील पाटी हा त्या दुकानाचा चेहरा असतो. कोणाचे अक्षर उर्दू वळणाचे, कोणाचे तेलुगू गोलाईचे, कोणा रंगाऱ्याने हौसेने काढलेला आंबा, कोणाच्या पाटीवर तीन लिप्यांची दाटी. या शहराचा भाषिक इतिहास पुस्तकांच्या आधी पाट्यांवर लिहिला गेला. पत्र्याच्या भडक पाट्या काढणे आवश्यकच होते. त्यांच्या जागी लहान, मापात बसणाऱ्या पण निरनिराळ्या हातांच्या पाट्या लावता आल्या असत्या. शिस्त आणि एकसुरीपणा यांतील अंतर कमानींच्या रचनाकाराला ठाऊक होते. त्याच्या वास्तूची डागडुजी करताना तेवढे तरी त्याच्याकडून शिकावयास हवे होते.

दुसरा आक्षेप शब्दाविषयी आहे. साहित्यविषयक पत्रिकेत तो अस्थानी ठरू नये. अशा प्रत्येक सोहळ्यात ‘गतवैभव’ हा शब्द हटकून येतो. वास्तूस गतवैभव प्राप्त झाले, गतवैभवाच्या खुणा उजळल्या, इत्यादी. आम्हांस विचारावेसे वाटते की या मार्केटला वैभव होते केव्हा? त्याला गर्दी होती, उधारी होती, माशा होत्या, सडक्या फळांचा चिखल होता, पहाटेचा लिलाव होता. वैभव हा राजवाड्याचा शब्द. तो बाजाराला लावला की बाजारही राजवाड्यासारखाच रिकामा आणि पाहण्याजोगा व्हावा अशी अपेक्षा नकळत तयार होते. मग रात्रीचे दिवे मनोऱ्यावर आणि घुमट्यांवर पडतात, दुकानाच्या फळीवर पडत नाहीत. अंगणात कव्वाली किंवा मुशायरा होतो. त्याचा आम्हांस आनंदच आहे, आम्ही स्वतः खुर्ची धरून बसणाऱ्यांपैकी आहोत. तथापि ज्या अंगणात आंब्याच्या राशी पडत, तेथे उन्हाळ्यातील चार-सहा आठवडे तरी शेतकऱ्यांचा आंबा थेट विकला जावा, असे आम्हांस फार वाटते. घाऊक बाजार परत आणणे अशक्य आहे, आणता येऊही नये. पण टोपलीभर फळांना तर मालमोटार लागत नाही!

या संदर्भात ग्वाल्हेरच्या वाचकांना महाराज बाड्यावरील व्हिक्टोरिया मार्केट आठवल्यावाचून राहणार नाही. शिंदे संस्थानच्या काळातील ती बाजाराची इमारत २०१० मध्ये आगीत होरपळली. पुढे तिची दुरुस्ती झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथे भूवैज्ञानिक संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारत वाचली, याचा आनंद कोणास होणार नाही? जळक्या भिंतींपेक्षा संग्रहालय केव्हाही बरे. मुलांना तेथे पृथ्वीच्या पोटातील चमत्कार पाहावयास मिळतात. पण तेथे आता तिकीट काढून आत जावे लागते. ज्या दारातून कोणीही, काहीही न विकत घेता, नुसते भाव विचारून परत जाऊ शकत होता, ते दार संग्रहालयाचे झाले की त्याचा स्वभाव पालटतो. उलट पुण्याची मंडई पाहावी. १८८६ मध्ये रे साहेबांच्या नावाने सुरू झालेली ती इमारत. तिच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या जोतीराव फुल्यांचेच नाव कालांतराने तिला मिळाले, हा इतिहासाचा विनोद. तेथे आजही भाजी विकली जाते. गळते, घसरते, कोंदटते, पण विकली जाते. मोजमजाहीचे स्थान या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते कोणत्या बाजूस सरकेल हे अद्याप ठरलेले नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न या इमारतीबाहेरचा आहे. १९९५ मध्ये हैदराबादेत वारसा-वास्तूंच्या रक्षणाचा नियम लागू झाला, तेव्हा असा नियम असणाऱ्या देशातील मोजक्या शहरांत आपली गणना झाली. दीडशेच्या आसपास वास्तू सूचीत आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये तो नियम रद्द करण्यात आला. २०१७ मध्ये राज्याचा नवा वारसा कायदा आला खरा; पण मधल्या काळात आणि त्यानंतरही, यादीतील खासगी इमारतींना नेमके कोणाचे छत्र आहे, हे त्या इमारतींच्या मालकांनाच ठाऊक नव्हते. मोजमजाहीचे काम चालू असतानाच, २०१९ मध्ये, त्याच शासनाने इर्रम मंझिल पाडून तेथे विधानसभेची नवी इमारत बांधण्याचा निर्णय घेतला होता. उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्दबातल केला, म्हणून राजवाडा राहिला. एका हाताने मार्केटचा दगड पुसावयाचा आणि दुसऱ्या हाताने राजवाड्यावर कुदळ उगारावयाची, यातून एवढेच दिसते की मार्केट वाचले ते कोणा अधिकाऱ्याच्या आस्थेमुळे, धोरणामुळे नव्हे. अधिकारी बदलतात.

आणि महापालिकेच्या मालकीची नसलेली लहान दुकाने? त्यांचे काय होते हे सांगावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. आमच्या मामांचे सुलतान बाजाराच्या बाजूस दुकान होते. खाली कापड, वर घर, मध्ये सागवानी जिना. दर्शनी भागास चुन्यातील वेलपत्ती, आणि तीत कोणा कारागिराने आपल्या खोडसाळपणाने बसवलेला एक पोपट. मामांच्या मागे अकरा वारस झाले. कोणी पुण्यात, कोणी अमेरिकेत, दोघे एकमेकांशी न बोलणारे. दुकानातील भाडेकरू पिढीजात, भाडे इतके अल्प की छपराची कौले बदलणेही त्यातून होईना. छप्पर गळू लागले तसे वाद वाढले आणि शेवटी एकमत झाले ते विकण्यावर. अकरा सह्यांत एक सही आमच्या मातुःश्रींची होती, आणि ती सही करवून घेण्यासाठी कागद घेऊन आम्हीच गेलो होतो. त्या इमारतीस कोणत्याही यादीत स्थान नव्हते. पाडण्याआधी तिचे एक छायाचित्र काढावे हेही आम्हां शिकल्यासवरल्यांना सुचले नाही. पोपट कुठे गेला ते विचारू नये. तेव्हा शासनाला दोष देताना आमचा आवाज थोडा खाली येतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

एकाच मालकाची, सार्वजनिक इमारत वाचवणे सोपे असते. निर्णय एका मेजावर होतो. अनेक वारसांची, जुन्या भाडेकरूंची, गळक्या छपराची दुमजली दुकाने वाचवावयाची तर भाड्याचा कायदा, दुरुस्तीचे अनुदान आणि बांधकामहक्काचा मोबदला या तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. नुसती यादी करून भागत नाही. यादीत नाव आले की मालक घाबरतो, आणि घाबरलेला मालक छप्पर मुद्दाम गळू देतो. असे या शहरात घडलेले आम्ही पाहिले आहे. शिवाय आपल्याकडे वास्तूच्या नोंदीत कमानीचा प्रकार, दगडाची जात, बांधकामाचे वर्ष हे सारे असते. दुकान कोणत्या धंद्याचे, तो किती पिढ्यांचा, खातेवही कोणत्या लिपीत, माल कोठून येत असे, हे नसते. मोजमजाहीच्या बाबतीतही हे लिहून ठेवण्याची वेळ अद्याप टळलेली नाही. ज्या घरांत तेथील फळबाजाराच्या पावत्या, दलालीच्या वह्या किंवा अंगणात काढलेली छायाचित्रे असतील, त्यांनी ती बोहाऱ्याला देण्यापूर्वी कोणास तरी दाखवावीत.

वडिलांच्या कागदांत आम्हांस अशी एकच पावती मिळाली. शाई उडालेली, उर्दूत, दोन पेट्या हिमायत. रक्कम लागत नाही. मागल्या बाजूस वडिलांच्या मोडी अक्षरांत एवढेच आहे की एक पेटी जांबागेत पोहोचवावयाची. कोणाकडे, ते लिहिलेले नाही.